दोष काढावा, की झाकावा?

एखाद्या वस्तूत, घरात किंवा माणसाच्या अंगी दोष आढळला म्हणजे त्याचे करायचे काय, हा प्रश्न फार जुना आहे. काढावा म्हणावे, तर तो जाताना सोबत काय घेऊन जाईल याचा भरवसा नाही. झाकावा म्हणावे, तर मन खाते. राहू द्यावा म्हणावे, तर लोक नावे ठेवतात. आम्ही या विषयावर आजवर पुष्कळ बोललो आहोत, आणि बोलणाऱ्याला तो सोपा वाटतो हेही अनुभवाने सांगतो. परंतु गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच दारात चार चाकांवर येऊन उभा राहिला. त्या वेळी काय घडले ते वाचकांपुढे ठेवतो. त्यात आमची थोडी फजिती आहे. पण ती गाळली तर सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

आमच्या पुतण्याचे चिंचवडकडे मोटारींच्या रबिंग-पॉलिशचे दुकान आहे. पत्र्याची शेड, चार मोठे दिवे, पाण्याचा पंप आणि हाताखाली दोन पोरे. गावोगाव जाण्यासाठी आमच्याकडे एक जुनी, गडद निळी मोटार होती. आम्हीही ती दुसऱ्याकडून वापरलेलीच घेतली होती. ती विकायचे ठरले. खेडकडचे एक गुरुजी पाहायला येणार होते, म्हणून आदल्या दिवशी आम्ही ती पुतण्याच्या दुकानी नेली आणि तिथेच खुर्ची टाकून बसलो.

गाडी धुऊन झाल्यावर आम्ही म्हणालो, ‘‘अरे, ही तर चांगलीच दिसते. हिला काय करायचे?’’ तो हसला. त्याने शटर अर्धे ओढले आणि हातातला दिवा बॉनेटवर धरला. बघतो तो काय, दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचे जाळे पसरलेले! दिवा हलवला की जाळेही त्याच्याबरोबर सरके. आम्हांस वाटले, कोणी गोल गोल घासून ठेवले असावे. तो म्हणाला, ‘‘नाही काका. ओरखडे सगळ्या दिशांनी आहेत. पण जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल दिसतात. सावलीत यातला एकही दिसायचा नाही.’’

हे ओरखडे आले कुठून, असे विचारले तर त्याने जे सांगितले ते ऐकून आम्ही चकित झालो. बहुतेक ओरखडे गाडी पुसताना पडतात! पहाटे वसाहतीत पोरगा येतो. एक बादली, एक फडके आणि दहा गाड्या. पहिल्या गाडीची धूळ फडक्याला लागते आणि तेच फडके दुसरीवर फिरते. धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळू रंगाहून कितीतरी कठीण. कोरडे फडके मारले तर विचारूच नका. म्हणजे जो रोज स्वच्छतेसाठी हात फिरवतो, तोच रोज नकळत जखम करतो. यावर उपाय साधा आहे. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची आणि एक फडके खळबळण्याची; आणि कोरड्या धुळीवर हात म्हणून फिरवू नये. एवढे पाळले तर पुढचे निम्मे काम उरतच नाही.

आता गाडीचा रंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट उमगणार नाही. पूर्वीच्या फियाट-अँबेसिडरचा रंग वरपासून खालपर्यंत एकच असे. रबिंग केले की फडक्याला गाडीचा रंग लागे. हल्लीच्या गाड्यांत पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सर्वांवर एक पारदर्शक थर असतो. त्यास क्लिअर कोट म्हणतात. चकाकी असते ती या वरच्या थराची, आणि उन्हापासून रंगाचे रक्षणही तोच करतो. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात पारदर्शक थराच्या वाट्याला चाळीसेक मायक्रॉन येतात. वर्तमानपत्राचा कागद याहून जाड असतो. आपण ज्या चकाकीवर भाळतो ती अशी कागदाहून पातळ आहे!

रबिंग म्हणजे या पातळ थरावर केलेले काम. यंत्राच्या तोंडाशी लोकरीचे किंवा स्पंजाचे पॅड असते. त्यावर कंपाऊंडचे वाटाण्याएवढे चार ठिपके टाकतात आणि हातभर चौकोन धरून ते सावकाश फिरवतात. या कंपाऊंडात बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साईडची अतिशय बारीक पूड असते. आपला धार लावायचा कुरुंद तो हाच, आणि माणिक व नीलम हीही जातीने याच द्रव्याची. एक यंत्र एकाच आसावर गरगर फिरते. ते भराभर कापते, पण तापतेही लवकर. दुसरे डोलत डोलत फिरते. ते सौम्य असते, आणि नवशिक्याच्या हाती तेच बरे. गाडीच्या कडांवर आणि उंच रेषांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि पॅडचा दाबही तिथेच जास्त पडतो, म्हणून तिथे आधी कागदी टेप चिकटवतात.

आमची समजूत अशी होती की हे औषध ओरखड्यात जाऊन बसते आणि ओरखडा बुजवते. ती साफ चुकीची निघाली. ओरखडा म्हणजे खाच. खाचेच्या कडांवर उजेड विखुरतो, म्हणून ती दिसते. कंपाऊंड खाच भरत नाही. ते खाचेच्या आजूबाजूचा निर्दोष भाग झिजवून खाचेच्या तळापर्यंत खाली आणते. सगळे सपाट झाले की खाच उरत नाही. म्हणजे दोष काढायचा तर जे चांगले आहे त्यातूनच किंमत द्यावी लागते! काही मायक्रॉन गेले ते गेले. ते पुन्हा वाढत नाहीत. म्हणून जाणता कारागीर आधी वीतभर जागेवर सर्वांत सौम्य पॅड आणि सर्वांत सौम्य औषध लावून पाहतो. त्याने भागले तर पुढच्याला हात लावत नाही.

हे ऐकताना आम्हांस विद्यार्थिदशेतला एक पाठ आठवला. ब्रह्मसूत्रावरील शांकरभाष्यात समन्वयाधिकरणात संस्काराचा विचार आला आहे. तेथे संस्कार दोन प्रकारचा सांगितला आहे: वस्तूत गुण घालणे आणि वस्तूतील दोष दूर करणे, गुणाधान आणि दोषापनयन. घासल्याने उजळणाऱ्या आरशाचा दृष्टांतही तिथेच येतो. आचार्यांचा मुद्दा मोक्षासंबंधी आहे, मोटारीसंबंधी नाही, हे आम्ही जाणतो. परंतु भेद चोख आहे आणि तो या शेडमध्ये जसाच्या तसा लागू पडतो. कंपाऊंडाने ओरखडा काढणे हे दोषापनयन. त्यावर मेण किंवा हल्ली निघालेले सिरॅमिक कोटिंग चढवून पृष्ठभागाला रक्षण देणे हे गुणाधान. दोन्ही संस्कारच.

पण दुकानात तिसरीही एक बाटली होती.

त्या बाटलीतल्या औषधाला धंद्यात ग्लेझ म्हणतात. त्यात तेल, मेण आणि भरणीची बारीक द्रव्ये असतात. ते फिरवले की खाचा भरतात, उजेड विखुरत नाही आणि अर्ध्या तासात गाडी आरशासारखी दिसू लागते. एक मायक्रॉनही खर्च होत नाही. मात्र चार-सहा वेळा साबणाने धुतले की भरण निघून जाते आणि जाळे पुन्हा जागच्या जागी. खरेखोटे ओळखायचे असेल तर कारागीर पाण्यात मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन एकदा पुसतो. तेल-मेण उडून जाते. काढलेला दोष या पुसण्याने परत येत नाही. झाकलेला तत्काळ परत येतो.

जेवायच्या आधी पुतण्याने आपली अडचण आमच्यापुढे मांडली. जुन्या गाड्यांचा एक दलाल त्याच्याकडे महिन्याला चार-पाच गाड्या आणतो. त्याचे म्हणणे एकच: ‘‘कापत बसू नकोस. ग्लेझ मार आणि संध्याकाळी गाडी दे.’’ गाडी त्याच आठवड्यात विकली जाते. महिन्याभराने घेणाऱ्याला जाळे दिसते, तेव्हा दलाल म्हणतो, ‘‘तुम्हीच नीट धुतली नसेल.’’ पुतण्याने विचारले, ‘‘काका, मी तर फक्त पॉलिश करतो. खोटे तो बोलतो. यात माझे काही चुकते का?’’

प्रश्न सोपा नाही. त्याच्या बाजूनेही बोलता येते, म्हणून आम्ही तो शास्त्राच्या रीतीने, शंका घेऊन सोडवून पाहिला.

पहिली शंका अशी, की नटणे हेच जर पाप ठरवले तर लग्नाच्या मांडवात एकही माणूस उभा राहायचा नाही. हे बरोबर आहे. कोणाला मुलाच्या लग्नासाठी गाडी दोन दिवस चकचकीत हवी असेल आणि त्याने ग्लेझ मारून घेतले, तर त्यात कोणाची फसवणूक? ती चकाकी पाहून तिथे कोणी पैसे मोजत नाही. तेव्हा बाटलीला दोष नाही. दोष लागतो तो चकाकीवर विसंबून कोणी गाठचे सोडत असताना आपण गप्प बसतो तेव्हा.

दुसरी शंका, घेणाऱ्याला डोळे आहेत, त्याने बघून घ्यावे. पण ग्लेझ मारले जाते तेच मुळी त्या डोळ्यांना दिसू नये म्हणून! आधी डोळ्यांवर पडदा टाकायचा आणि मग ‘तुम्ही पाहिले का नाही’ असे विचारायचे, हा कुठला न्याय?

तिसरी शंका खुद्द पुतण्याची: खोटे बोलणारा दुसरा, मी नव्हे. सुरी करणाऱ्या लोहाराला खुनाचा दोष लागत नाही, हे खरे. कारण सुरीने भाजीही चिरतात. पण गिऱ्हाईकाने येऊन ‘अमक्याच्या पोटात घालायची आहे, तेवढी धार लावून दे’ असे सांगितले आणि तरी त्याने लावून दिली, तर? दलाल हेतू लपवीत नाही. आठवडाभर टिकणारी चकाकी त्याला विक्रीखेरीज दुसऱ्या कशासाठी हवी आहे? हेतू ठाऊक असून हात चालवला, तर त्या कर्मात वाटा आलाच.

एवढे सांगून आम्ही स्वस्थपणे जेवलो. श्रोता मान डोलावीत होता आणि आम्हांस आपल्या युक्तिवादाचे समाधान वाटत होते.

दुपारी त्याने आमच्या गाडीला हात घातला. आधी जाडी मोजायचे लहानसे यंत्र आणले. ते पत्र्यावर टेकवले की वरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी आकड्यात दिसते. टपावर ११५ आले, डाव्या दारावर ११०. उजव्या मागच्या दारावर टेकवले तर ४८०! आम्ही म्हणालो, ‘‘वा, इथे तर रंग चांगला जाड आहे.’’ तो म्हणाला, ‘‘काका, तो रंग नाही, पुट्टी आहे. दार कधीतरी चेपले होते. वर भरून रंग मारलाय.’’ ज्याने आम्हांस गाडी विकली त्याने याचा शब्दही काढला नव्हता. आम्ही संतापलो. ‘‘बघ, माणसे कशी असतात!’’ असेही म्हणालो.

मग बॉनेट. तिथे आकडा ७८ आला. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘यावर आधी कोणीतरी पुष्कळ रबिंग मारलंय. आता वर किती क्लिअर उरलंय ते हे यंत्र वेगळं सांगत नाही, पण थोडंच असणार. मी जोरात कापलं तर आज सुंदर दिसेल आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटतील. हलका हात फिरवतो. निम्मे ओरखडे जातील, निम्मे राहतील. राहू द्यावेत.’’

आता खरी गोष्ट येते. गुरुजींचा फोन आला की उद्या सकाळीच पोहोचतो. निम्म्या ओरखड्यांची गाडी दाखवायची, या विचाराने आमचा जीव थोडा झाला. भाव आधीच ओढून-ताणून ठरला होता. आणि आमच्या तोंडून निघून गेले, ‘‘अरे, मग बॉनेटवर ते तुझे भरायचे औषध लाव ना थोडेसे. एवढ्याने काय होते?’’

पुतण्याने यंत्र बंद केले. तो मोठ्याने बोलला नाही की हसला नाही. एवढेच म्हणाला, ‘‘लावतो. पण काका, सकाळी तुम्ही काय म्हणालात?’’

वाचकहो, साठी उलटून गेली आहे आणि उभा जन्म दुसऱ्याला सांगण्यात गेला. पण त्या क्षणी आम्हांस उत्तर सापडले नाही. पाच तासांपूर्वी ज्या तीन शंकांचे आम्ही समाधान केले होते, त्या तिन्ही आता आमच्या बाजूने उभ्या होत्या. गुरुजींना डोळे आहेत. लावणार पुतण्या, आम्ही नव्हे. आणि नटणे म्हणजे काही पाप नाही! दारावर पुट्टी भरणाऱ्याला आम्ही मघाशी शिव्या दिल्या. तोही असाच कोणाच्या तरी दुकानात उभा राहून ‘एवढ्याने काय होते’ म्हणाला असेल. माणूस जात्याच लबाड असतो असे आम्हांस वाटत नाही. विकण्याची वेळ जवळ आली की त्याचा दिवा विझतो आणि त्याला सावलीत उभे राहावेसे वाटते, एवढेच.

आम्ही म्हणालो, ‘‘नको. हलका हात फिरव आणि ते अल्कोहोलचे फडकेही मारून ठेव. उरले ते उरले.’’

सकाळी गुरुजी आले. आम्ही त्यांना शेडमध्ये नेले, शटर ओढून बॉनेटवर दिवा धरला, आणि उजव्या दारावरचा ४८० चा आकडाही दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. घरी विचारून सांगतो म्हणून ते निघून गेले. तिसऱ्या दिवशी आले आणि ठरल्या भावातून १५ हजार कमी देऊन गाडी घेऊन गेले. सत्याचा विजय वगैरे काही झाला नाही. १५ हजार ही आमच्यासारख्याला लहान रक्कम नव्हे. गुरुजींनी जाताना आमची स्तुतीही केली नाही, आणि ते बरेच झाले. जे त्यांचे देणेच होते, त्याबद्दल स्तुती कसली घ्यायची?

यातून आम्हांस जे कळले ते असे. दोष असला तर तीन वाटा आहेत. काढता येत असेल तर काढावा. पण आधी जाडी मोजावी, सौम्य उपायाने सुरुवात करावी आणि अंगात किती उरले आहे ते पाहून हात आवरावा. ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर तो खोल आहे, त्याच्या मागे लागून उरलेला थर घालवू नये. काढता येत नसेल तर राहू द्यावा आणि विचारण्याआधी सांगावा. हा मार्ग भित्र्याचा वाटतो, पण यालाच सर्वांत जास्त धैर्य लागते. तिसरी वाट झाकण्याची. तिला शास्त्राने संस्कारात जागा दिलेली नाही, कारण तिच्याने वस्तूत काहीच बदलत नाही; बदलते ते फक्त पाहणाऱ्याचे मत.

आणि या सर्वांच्या आधीची गोष्ट विसरू नये. बहुतेक ओरखडे पुसण्यानेच पडतात. मुलाच्या, सुनेच्या, शिष्याच्या अंगावरची धूळ रोज कोरड्या फडक्याने झटकणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत आमचीही गणना होते. आधी पाणी सोडावे. बरीचशी धूळ आपोआप वाहून जाते.

शेवटी एक सांगायचे राहिले. पुतण्याने त्या दलालाला कळवले, की ग्लेझ मारीन, पण पावतीवर ‘ओरखडे भरले आहेत, काढलेले नाहीत’ असे लिहीन आणि ती पावती गाडीतच ठेवीन. दलाल त्यानंतर आला नाही. महिन्याच्या चार-पाच गाड्या गेल्या, आणि अद्याप त्या भरून निघालेल्या नाहीत. आम्ही एकदाच १५ हजार दिले. तो दर महिन्याला देतो आहे. उपदेश करणाऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवावा. परवा त्याच्याकडे गेलो तेव्हा आम्ही भीत भीत विचारले, ‘‘पस्तावतोस का रे?’’ तो पॅड धूत होता. म्हणाला, ‘‘पैशाची ओढ आहे, काका. पण आता गिऱ्हाईक आलं की दिवा मीच आधी लावतो.’’